शेळीच्या दुधाचा साबण : कॉस्टिक आणि दूध यांची गाठ घालताना

ज्यांनी पाण्यात कॉस्टिक सोडा विरघळवून एकदोन वेळा तरी थंड पद्धतीने, म्हणजे मिश्रण चुलीवर न शिजवता, साबण केला आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. त्यामुळे हातमोजे, चष्मा, उघडी खिडकी आणि ग्रॅमपर्यंत अचूक वजन दाखवणारा काटा तुमच्याकडे आहे असे मी धरून चालते.

प्रमाण असे : खोबरेल तेल १७५ ग्रॅम, राइस ब्रॅन तेल २७५ ग्रॅम, एरंडेल ५० ग्रॅम, कॉस्टिक सोडा ७० ग्रॅम आणि शेळीचे दूध १५० ग्रॅम. पाणी अजिबात नाही. तेल बदलल्यास सोड्याचा हिशेब नव्याने करावा लागतो, कारण १०० ग्रॅम खोबरेलाला सुमारे १८ ग्रॅम सोडा लागतो, तर तेवढ्याच एरंडेलाला १३ ग्रॅमही लागत नाही. दूध उस्मानाबादी शेळीचे की संगमनेरी शेळीचे, याने साबणाला काही फरक पडत नाही. आदल्या रात्री ते उकळून, थंड करून, साय काढून गाळावे आणि मग वजन करून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवावे.

आता खरी परीक्षा. सोडा विरघळताना इतकी उष्णता निघते की पाण्याचे तापमान सहज ८० अंशांच्या पुढे जाते. तीच उष्णता दुधाला मिळाली की त्यातील साखर करपते, दूध आधी पिवळे, मग नारिंगी आणि शेवटी तपकिरी होते, आणि प्रथिने फुटून अमोनियाचा उग्र दर्प सुटतो. ‘फ्रीजमधले थंडगार दूध पुरते’ या सल्ल्यावर विसंबून मी पहिले दोन घाणे घालवले. तिसऱ्या वेळी दूध गोठवले खरे, पण कंटाळून सगळा सोडा दोनदाच ओतला, आणि स्वयंपाकघराला संध्याकाळपर्यंत मुतारीची कळा आली. थंडगार दूध पुरत नाही. ते दगडासारखे गोठलेलेच हवे.

मोठ्या परातीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून त्यात स्टीलचे भांडे बसवावे. ॲल्युमिनियमचे भांडे चालत नाही, कारण सोडा ते खातो आणि त्यातून ज्वलनशील हायड्रोजन वायू निघतो. भांड्यात दुधाचे खडे टाकावेत आणि त्यांवर सोडा एका वेळी एकच चहाचा चमचा घालून, तो पूर्ण विरघळेपर्यंत ढवळत राहून मगच पुढचा चमचा घालावा. सोड्यावर दूध कधीही ओतू नये. या कामाला वीस-पंचवीस मिनिटे लागतात आणि ती लागू द्यावीत. तापमान ३० अंशांच्या खाली आणि रंग लोण्यासारखा फिकट राहिला पाहिजे; तो लिंबासारखा पिवळा दिसू लागताच हात थांबवून परातीत आणखी बर्फ घालावा.

शेवटच्या काही चमच्यांना मिश्रण बासुंदीसारखे दाटते. दूध नासले असे समजून मी एकदा ते मोरीत ओतले होते, पण तो दुधातील स्निग्धांशाचा साबण होऊ लागलेला असतो. धोका वेगळाच आहे : या दाटपणात सोड्याचे न विरघळलेले कण दडून बसतात. एका वडीतला असाच पांढरा ठिपका माझ्या मनगटाला चावला, तेव्हापासून मी हे मिश्रण स्टीलच्या गाळणीतून गाळल्याशिवाय तेलात घालत नाही. कातडीवर सोडा उडाल्यास व्हिनेगर लावण्याचा सल्ला ऐकू नये. वाहत्या पाण्याखाली हात बराच वेळ धरावा.

तेले सुमारे ३५ अंशांवर असावीत. त्याहून थंड असतील तर गार दूध पडताच खोबरेल गोठते आणि साबण जमल्याचा खोटा भास होतो. गाळलेले दूध तेलात ओतून, ब्लेंडर थांबवत थांबवत फिरवून, मिश्रण पातळ पिठल्याइतके झाले की साच्यात भरावे.

साचा गोधडीत गुंडाळून ठेवण्याची सवय इथे मोडावी लागते. दुधातील साखरेमुळे हा साबण आतून अधिक तापतो आणि गुंडाळल्यास मधोमध तपकिरी वर्तुळ उमटते किंवा वर भेग पडते. साचा सरळ फ्रीजमध्ये २४ तास ठेवावा, बाहेर काढून आणखी दोन दिवस थांबावे आणि मगच वड्या कापाव्यात.

वड्या जाळीवर, एकमेकींना न टेकवता, सहा आठवडे वाळवाव्यात. कोकणातल्या पावसाळ्यात त्यांवर दवासारखे थेंब येतात. साबणातील ग्लिसरीनने हवेतून ओढलेले ते पाणी असते. ते पुसून घ्यावे आणि खोलीत पंखा चालू ठेवावा.