आवडीचं म्युझिकल लंडनहून ब्रॉडवेला (किंवा उलट) जाणार का, हे कसं ओळखायचं

एखादं म्युझिकल लंडनच्या वेस्ट एंडला, म्हणजे तिथल्या मोठ्या थिएटरांच्या भागात, हाऊसफुल्ल चाललंय, तुम्ही न्यूयॉर्कच्या बाजूला, कास्ट रेकॉर्डिंग (शोच्या कलाकारांनी गायलेला गाण्यांचा अल्बम) ऐकून ऐकून गाणी पाठ झालीयेत आणि आता पाण्यात देव घालून बसलाय की कधी एकदा हे ब्रॉडवेला येतंय. किंवा उलट, शो ब्रॉडवेला आणि तुम्ही लंडनमध्ये. हे सगळं तुमच्यासाठी लिहितेय, कारण मी बरीच वर्षं ट्रान्सफरच्या, म्हणजे शो एका शहरातनं दुसऱ्या शहरात नेण्याच्या, बातम्या फॉलो करतेय आणि त्यात कितीदा तरी खूश झालेय, कितीदा हिरमोड झालाय, आणि त्यातनं एक गोष्ट पक्की कळलीये. शो चांगला आहे एवढ्यावर तो कुठेच जात नाही. चांगला तर असायलाच हवा, पण त्याला रिकामं थिएटर लागतं, पैसे उभे करणारा प्रोड्युसर लागतो आणि कॅलेंडरमध्ये जागा लागते, आणि ही तिन्ही एकाच वेळी जुळून आली तर गाडी हलते. म्हणून आशा धरायचीच तर या तीन गोष्टींकडे बघून धरा, टाळ्यांकडे बघून नको.

सगळ्यात आधी थिएटर, कारण बहुतेक वेळा घोडं तिथेच अडतं. ब्रॉडवे थिएटर म्हणजे ब्रॉडवे नावाच्या रस्त्यावरचं थिएटर असं नाही, मॅनहॅटनमधली पाचशे आणि त्याच्या वर खुर्च्या असलेली ४१ ठरावीक थिएटरं आहेत, त्यातली १७ शुबर्ट या थिएटरमालक कंपनीकडे, ९ नेडरलँडर या दुसऱ्या कंपनीकडे, आणि काही नॉन-प्रॉफिट संस्थांची आहेत जिथे बाहेरच्या शोला सहसा जागा नसते. नॉन-प्रॉफिट सोडून बाकीच्यांपैकी मिन्सकॉफमध्ये लायन किंग, गर्शविनमध्ये विकेड, रिचर्ड रॉजर्समध्ये हॅमिल्टन, युजीन ओनीलमध्ये बुक ऑफ मॉर्मन, अँबॅसेडरमध्ये शिकागो, ही मंडळी वर्षानुवर्षं हलत नाहीत. लंडनला पण तेच, साँडहाइमला ले मिझराब्ल, हिज मॅजेस्टीजला फँटम, नोव्हेलोला मामा मिया, केंब्रिज थिएटरला मटिल्डा. म्हणजे खरोखर मोकळी होऊ शकतील अशी थिएटरं बोटावर मोजण्याइतकी, आणि त्यांच्यासाठी रांगेत डझनभर शो.

तर पहिलं काम असं करा, तुमच्या शोला साईज कुठली शोभेल ते ठरवा. याचा लोक विचारच करत नाहीत. ऑपरेशन मिन्समीट घ्या, २०१९ ला न्यू डायोरामा नावाच्या ऐंशी खुर्च्यांच्या जागेत सुरू झालं, मग सदक प्लेहाऊस, मग रिव्हरसाइड स्टुडिओज, मग २०२३ ला वेस्ट एंडचं फॉर्च्युन, जे जेमतेम सव्वाचारशे खुर्च्यांचं आहे. पाच जण मिळून सगळी पात्रं करतात, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश गुप्तहेर खात्याने एका मृतदेहावर खोटे कागद ठेवून तो स्पेनच्या किनाऱ्यावर पोचवला त्याची खरी गोष्ट. त्यात एक क्षण आहे, हेस्टर नावाची वयस्कर सेक्रेटरी त्या खोट्या सैनिकाच्या खिशात ठेवायला एक प्रेमपत्र तोंडी रचते, आधी नुसती हवापाण्याची आणि घरातली बारीकसारीक खबरबात, आणि हळूहळू लक्षात येतं की हे पत्र ती तिच्याच कुठल्यातरी गेलेल्या माणसाला लिहितेय. जॅक मॅलोन नावाचा पुरुष नट ते जवळजवळ न हलता गायचा, हातवारे नाहीत, आवाज चढवणं नाही. हे दीड हजार खुर्च्यांच्या हॉलमध्ये मागच्या रांगेपर्यंत पोचलंच नसतं. म्हणून ते २०२५ च्या मार्चमध्ये ब्रॉडवेला आलं ते आठशेच्या आसपास खुर्च्यांच्या गोल्डन थिएटरमध्ये, जिथे एरवी जास्त करून नाटकं लागतात, आणि मॅलोनला त्याच भूमिकेसाठी टोनी, म्हणजे ब्रॉडवेचं सगळ्यात मानाचं अवॉर्ड, मिळालं. गोल्डनचं नाव जाहीर झालं तेव्हा मला हायसं वाटलं होतं, कारण जागा बरोबर निवडली होती.

याच्या उलट टॅमी फे. लंडनच्या अल्मेडा थिएटरमध्ये २०२२ ला झालं, तिथे सव्वातीनशे खुर्च्या, संगीत एल्टन जॉनचं, लोकांना आवडलं होतं. ब्रॉडवेला गेलं ते सोळाशेच्या आसपास खुर्च्यांच्या पॅलेसमध्ये, १४ नोव्हेंबर २०२४ ला ओपन झालं आणि ८ डिसेंबरला बंद. महिनाभर पण नाही. कारणं बरीच असतील पण सव्वातीनशेवरून सोळाशेवर उडी हे ऐकलं तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती.

आता थिएटर रिकामं कधी होणार हे कसं कळणार? ब्रॉडवेचं सोपंय, ब्रॉडवे लीग दर आठवड्याला प्रत्येक शोची कमाई आणि किती टक्के खुर्च्या भरल्या ते जाहीर करते, ते बघायची सवय लावा. थिएटरच्या करारात बहुतेक एक स्टॉप क्लॉज असतो, म्हणजे ठरलेल्या आकड्याच्या खाली कमाई सलग काही आठवडे गेली की मालक शोला जागा सोडायला सांगू शकतो. तुमच्या शोला शोभेल अशा साईजच्या थिएटरमध्ये आत्ता जे चाललंय त्याचे आकडे घसरत असतील तर तिथे लक्ष ठेवा. वाईट वाटतं हो असं बघायला, त्या शोमध्ये पण माणसं आहेत, वादक आहेत, ड्रेसवाले आहेत, त्यांचं काम जाणार असतं, म्हणून दुसऱ्याचा शो बंद पडावा अशी इच्छा करू नका, फक्त आकडे बघा. लंडनमध्ये शोनिहाय असे साप्ताहिक आकडे बाहेर येत नाहीत, तिथे बुकिंग कुठपर्यंत उघडलंय ते बघायचं. बाकी सगळे शो पुढच्या वर्षापर्यंत बुकिंग घेतायत आणि एकाचंच तीन महिन्यांवर थांबलंय म्हणजे काहीतरी शिजतंय.

दुसरं, पैसा. ब्रॉडवेला मोठं म्युझिकल उभं करायला आजकाल सहज दीड-दोन कोटी डॉलर लागतात, त्याहून जास्त पण, आणि लंडनमध्ये तेच बऱ्याच कमी पैशात होतं. म्हणूनच हल्ली बरेच अमेरिकन प्रोड्युसर आधी लंडनला करून बघतात. तर काय करायचं, लंडनच्या शोचा प्रोग्राम मिळाला तर पहिलं पान नीट वाचा, कलाकारांची नाही, प्रोड्युसरांची नावं. नॅशनल थिएटर, डॉनमार, अल्मेडा, यंग व्हिक असल्या अनुदानावर चालणाऱ्या थिएटरचा शो असेल आणि खाली बारीक अक्षरात एखाद्या कमर्शियल प्रोड्युसरचं नाव असेल तर त्याने पुढचं काहीतरी मनात धरून पैसे घातलेत हे समजा. ते नाव गूगल करा, त्याने याआधी समुद्रापलीकडे शो नेलेत का बघा. माझ्या मते हे सगळ्यात भरवशाचं चिन्ह आहे आणि सगळ्यात कमी लोक ते बघतात.

तिसरं कॅलेंडर. टोनीसाठी पात्र व्हायचं तर साधारण एप्रिलच्या शेवटापर्यंत ओपन व्हावं लागतं, जूनमध्ये टोनी असतात, म्हणून मार्च-एप्रिलमध्ये ब्रॉडवेला नुसती झुंबड असते. तिथून उलटं मोजा. ओपनिंगच्या आधी तीन-चार आठवडे प्रीव्ह्यू (दुरुस्त्या चालू असतानाचे तिकीट लावलेले प्रयोग), त्याच्या आधी महिना-दीड महिना तालीम, त्याच्याही बऱ्याच आधी तिकीटविक्री. म्हणजे ख्रिसमस आला तरी थिएटरचं नाव नाही तर या सीझनला नाही, पुढच्या सीझनची वाट बघायला लागा, उगाच रोज रिफ्रेश करून जीव शिणवू नका. आणि झुंबडीत घुसणं फायद्याचंच असतं असंही नाही. ग्राउंडहॉग डे लंडनच्या ओल्ड व्हिकला २०१६ ला गाजलं, तिकडचं ऑलिव्हिए अवॉर्ड घेतलं, २०१७ च्या एप्रिलमध्ये ब्रॉडवेला आलं, ओपनिंगच्या तोंडावर मुख्य नट अँडी कार्लचा गुडघा गेला, स्पर्धेला डिअर इव्हान हॅन्सन आणि कम फ्रॉम अवे ही म्युझिकलं, आणि सप्टेंबरमध्ये बंद. मला आजही वाटतं की दुसऱ्या कुठल्या वर्षी आलं असतं तर टिकलं असतं.

आता बातम्या. कुठली बातमी मनावर घ्यायची आणि कुठली नाही. नटाने मुलाखतीत "आम्हाला न्यूयॉर्कला जायला खूप आवडेल" म्हटलं, हे सोडून द्या, सगळेच म्हणतात. समीक्षकाने "हे ब्रॉडवेला जायलाच हवं" लिहिलं, छान, पण समीक्षक थिएटर देत नाही. इन्स्टावर कुणी पिवळ्या टॅक्सीचा इमोजी टाकला म्हणून गुडघ्याला बाशिंग बांधू नका. वर्कशॉप किंवा रीडिंग (शो उभा करण्याआधी कलाकारांकडून वाचून-गाऊन बघणं) झालंय असं कळलं तर थोडी आशा धरा, कारण त्यात कुणाचे तरी पैसे गेलेत. पण ॲक्टर्स इक्विटी या अमेरिकन नटांच्या युनियनच्या ऑडिशनची नोटीस आली, त्यात तालीम सुरू व्हायची तारीख आणि प्रोड्युसरांची नावं आली की मग बिनधास्त नाचा, कारण तिथपर्यंत आलेलं सहसा मागे फिरत नाही. सहसा म्हणतेय, कायम नाही.

कास्टबद्दल वेगळं सांगायला हवं कारण सगळ्यात जास्त मनं तिथेच मोडतात. शो आला म्हणजे तुमचे लाडके कलाकार येतीलच असं नाही. दोन्हीकडच्या युनियन आहेत, व्हिसा आहेत, आणि स्थानिक कलाकारांना काम मिळावं हा त्यांचा आग्रह आहे, जो मला बरोबरच वाटतो. १९९० ला मिस सायगॉनच्या वेळी अमेरिकन इक्विटीने जोनाथन प्राइसला परवानगी नाकारली, युरेशियन भूमिका गोऱ्या नटाने का करायची हा मुद्दा होता, प्रोड्युसर कॅमेरॉन मॅकिंटॉशने अख्खा शो रद्द केला, मग इक्विटीने निर्णय फिरवला आणि १९९१ ला शो झाला. इतकं टोकाला रोज जात नाही पण प्रश्न तोच असतो. सिक्स, म्हणजे आठव्या हेन्रीच्या सहा राण्यांचं म्युझिकल, न्यूयॉर्कला आलं ते राण्यांच्या भूमिकेत नव्या नट्या घेऊन. 'कंपनी' नावाच्या म्युझिकलमध्ये लंडनला बॉबी ही मुख्य भूमिका करत होती रोझली क्रेग, ब्रॉडवेला कॅटरिना लेंक, पॅटी ल्युपोन मात्र दोन्हीकडे. मिन्समीटचे पाचही जण आले कारण त्यातल्या तिघांनी तो शो स्वतः लिहिलाय. अंदाज बांधायचा असेल तर हा प्रश्न विचारा, की या माणसाशिवाय हा शो होऊ शकतो का?

आणि नुसतं सामान उचलून नेलं असं होत नाही. सनसेट बुलेवार्ड या म्युझिकलमध्ये टॉम फ्रान्सिस टायटल साँग गात गात थिएटरच्या बाहेर जायचा, कॅमेरा त्याच्या मागे आणि आत प्रेक्षक पडद्यावर लाइव्ह बघायचे. लंडनच्या सॅव्हॉयच्या बाहेरचा रस्ता वेगळा, न्यूयॉर्कला सेंट जेम्सच्या बाहेर ४४ वी स्ट्रीट वेगळी, गर्दी वेगळी, पावलं वेगळी, आणि गाण्याचं माप तेच. म्हणजे तो एक प्रवेश तिकडे परत नव्याने बसवणं आलं. असं प्रत्येक शोमध्ये काही ना काही असतं.

गोष्ट कुठल्या मातीतली आहे तेही बघा. ए. आर. रहमानचं बॉम्बे ड्रीम्स लंडनला २००२ पासून दोन वर्षं चाललं, तिकडे दक्षिण आशियाई प्रेक्षक भरपूर आणि हिंदी सिनेमा ओळखीचा. ब्रॉडवेसाठी स्क्रिप्टवर बराच हात फिरवला, २००४ मध्ये आलं आणि १ जानेवारी २००५ ला बंद झालं. स्टँडिंग ॲट द स्कायज एज ही शेफील्डच्या एका वसाहतीची गोष्ट, लंडनमध्ये लोकांनी डोक्यावर घेतली, पण ती न्यूयॉर्कच्या माणसाला कशी लागेल हे सांगणं अवघड. मात्र हा नियम नाही, कम फ्रॉम अवे अडकलेल्या विमानप्रवाशांना आसरा देणाऱ्या कॅनडातल्या एका छोट्या गावाची गोष्ट आणि लंडनमध्ये तिने बेस्ट न्यू म्युझिकलचं ऑलिव्हिए घेतलं. पाहुण्यांना घरात घेणं सगळीकडे कळतं, बहुतेक म्हणून.

ब्रॉडवेहून लंडनला यायची वाट बघणाऱ्यांनो, तुमचा पेशन्स जास्त लागतो. लंडनला शो अमेरिकेत पैसे वसूल करून, कधी टूर पण करून मग येतो. हेडस्टाउन बघा, २०१६ ला न्यूयॉर्कच्या छोट्या थिएटरमध्ये, २०१७ ला कॅनडात एडमंटनला, २०१८ ला लंडनच्या नॅशनलमध्ये, २०१९ ला ब्रॉडवे आणि आठ टोनी, आणि वेस्ट एंडच्या लिरिकमध्ये यायला २०२४ चा फेब्रुवारी उजाडला. पाच वर्षं. मोठ्याच थिएटरची वाट बघू नका हेही सांगते. इन द हाइट्स ब्रॉडवेला २००८ मध्ये, आणि लंडनमध्ये आलं ते २०१४ ला सदक प्लेहाऊससारख्या छोट्या जागेत आणि पुढच्या वर्षी किंग्ज क्रॉसला. फन होमचंही तेच, २०१८ ला यंग व्हिकमध्ये झालं आणि संपलं, तिथून पुढे वेस्ट एंडला गेलंच नाही, आणि "मोठ्या थिएटरला आलं की बघू" म्हणणाऱ्यांचं राहून गेलं ते राहूनच गेलं.

वाट बघत असताना हातात काय आहे तर शोच्या वेबसाइटवर ईमेल नोंदवून ठेवा, कुठल्या शहरातनं किती नावं येतायत ते प्रोड्युसरला दिसतं. कास्ट रेकॉर्डिंग पैसे देऊन घ्या. तुमच्या देशात टूर जाहीर झाली तर तोंड वाकडं करू नका, टूरचा प्रयोग पण पूर्ण प्रयोग असतो. आणि जाहीर झालंच तर प्रीव्ह्यूच्या पहिल्या दोन आठवड्यांची तिकिटं बघा, बहुतेक वेळा स्वस्त असतात, रश (त्याच दिवशीची स्वस्त तिकिटं) आणि लॉटरी (सोडतीतली स्वस्त तिकिटं) साधारण पहिल्या प्रयोगापासून सुरू होते. तिकीट काढताना अटी वाचा, रद्द झाल्यास पैसे परत मिळतील ना ते बघा, विमान आणि हॉटेल बदलता येईल असंच घ्या. सिक्सचं ब्रॉडवे ओपनिंग १२ मार्च २०२० च्या रात्री होतं आणि त्याच दिवशी संध्याकाळी पाचपासून सगळं ब्रॉडवे बंद झालं. लांबून आलेले लोक न बघता परत गेले. ते ओपनिंग शेवटी ३ ऑक्टोबर २०२१ ला झालं.