इलेक्ट्रिक गाडी येईपर्यंत जुनीला घाट कसा चढवायचा

आमच्या सोसायटीत चार्जिंगच्या मीटरवरून तीन सभा झाल्या. तिन्ही वेळा चहा झाला, निर्णय झाला नाही. त्यामुळे माझी २०१० ची पेट्रोल हॅचबॅक अजून नोकरीवर आहे, आणि तिला आणखी दोन-तीन वर्षं काढायची आहेत. तुमचीही गत अशीच असेल तर पुढचं वाचा. ऑइल, फिल्टर, प्लग तुम्ही वेळेवर बदलता हे मी गृहीत धरतो.

पहिलं काम कागदाचं. आरसीवरची तारीख बघा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. मुदत संपण्याआधीच्या साठ दिवसांत फॉर्म २५ भरा, पर्यावरण कर भरा आणि गाडी आरटीओत दाखवायला न्या. नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ पासून, वीस वर्षांच्या आतल्या कारला, पाच हजार झाली आहे, ती आधीच बाजूला काढून ठेवा. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर नवी हायसिक्युरिटी नंबरप्लेटही लागते. ‘पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात’ हे व्हॉट्सॲपवरचं ज्ञान दिल्ली आणि आसपासच्या भागाबद्दलचं आहे. आपल्याकडे तसा नियम नाही, घाबरून गाडी मातीमोल भावात विकू नका.

मग टायर. नक्षी शिल्लक दिसते म्हणून फसू नका, टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षं उलटली आणि कडेला बारीक भेगा दिसल्या की बदला. ब्रेकवर काटकसर नको. बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी भुकटी गरम पाण्याने धुवा. दारांच्या खालची पाणी निघायची भोकं पावसाळ्याआधी काडीने मोकळी करा, गंज तिथूनच सुरू होतो. सीट कव्हर, पॉलिश, नवा स्टीरिओ यांवर एक रुपयाही घालू नका.

आता खरं काम. जुनी गाडी मरते ती उष्णतेने, आणि मरते ती घाटात. रेडिएटरचं काम कुकरसारखं आहे. झाकण दाब धरून ठेवतं, म्हणून आतलं पाणी शंभर अंशांवरही उकळत नाही. झाकणाचं रबर कडक झालं की दाब टिकत नाही आणि पाणी उकळून बाहेर पडतं. नवं झाकण दोन-तीनशे रुपयांत येतं. दहा वर्षांपुढची गाडी असेल तर झाकण आणि वरचा-खालचा होज पाइप, क्लिपांसकट, न विचारता बदलून टाका. होज हाताने दाबून बघा. मऊ फुगलेला असो की लाकडासारखा कडक, दोन्ही बाद.

इथे एक सल्ला तुम्हाला हमखास मिळेल: ‘थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी गरमच होणार नाही.’ थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. मी तो सल्ला ऐकला होता. गाडी थंड राहिली हे खरं, पण ॲव्हरेज पडलं, सकाळी इंजिन गरम व्हायला वेळ लागायला लागला, आणि मूळ दोष म्हणजे तुंबलेला रेडिएटर तसाच लपून राहिला. थर्मोस्टॅट खराब झाला असेल तर नवा बसवा. काढून टाकणं म्हणजे ताप मोजायचा थर्मामीटर फोडण्यासारखं आहे.

दुसरी चूक पूर्णपणे माझी. कूलंट, म्हणजे रेडिएटरमधलं इंजिन थंड ठेवणारं पाणी, मीच बदललं, भराभर ओतलं, झाकण लावलं आणि साताऱ्याला निघालो. खंबाटकीच्या पायथ्याशी सवय म्हणून हीटर लावून बघितला तर थंडगार वारा. तापमानाचा काटा मात्र मध्याच्याही खाली, त्यामुळे मी खूश. अर्ध्या चढावर बॉनेटमधून वाफ. इंजिनात हवा अडकली होती, सेन्सर पाण्याऐवजी हवेत बसला होता, म्हणून काटा खोटं बोलत होता. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा भाग यांमधलं सील, गेलं, हेडचं फेसिंग करावं लागलं, म्हणजे ते घासून सपाट करावं लागलं, बिल सोळा हजार. मागच्या सीटवर आई ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसली होती. ती काही बोलली नाही, ते जास्त लागलं.

तेव्हापासून मी हे असं करतो. सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, गाडीचं तोंड चढाकडे ठेवून उभी करायची. आमच्या पार्किंगचा उतार त्याला पुरतो. झाकण काढून खालचा प्लग उघडायचा, जुनं कूलंट टबात धरायचं. ते गोड आणि विषारी असतं, कुत्र्या-मांजरांनी चाटलं तर जीव जातो, तेव्हा अंगणात सांडू देऊ नका. तांबूस पाणी निघालं तर साध्या पाण्याने दोनदा धुवा, शेवटचा हात मात्र डिस्टिल्ड वॉटरचा. बोअरचं पाणी आत ठेवलंत तर किटलीसारखा थर चढतो.

भरताना घाई नाही. हीटरचा नॉब पूर्ण गरमवर. तयार (पाणी आधीच मिसळलेलं) कूलंट बारीक धारेने ओतायचं आणि मधेमधे वरचा होज हाताने दाबत राहायचं. आतून गुबगुब बुडबुडे येतात, तेवढी पातळी खाली जाते. मग झाकण न लावता इंजिन सुरू करून तसंच सोडायचं, तोंड आणि हात झाकणापासून लांब ठेवून. दहा-पंधरा मिनिटांनी वरचा होज एकदम तापतो आणि पातळी झपकन उतरते: थर्मोस्टॅट उघडला. पुन्हा भरायचं. रेडिएटरचा पंखा दोनदा लागून बंद झाला आणि हीटरमधून गरम वारा आला की मगच झाकण. काही गाड्यांना हवा काढायचा वेगळा स्क्रू असतो, काहींना झाकण फक्त कूलंटच्या बाटलीलाच असतं, तेव्हा आधी आपली गाडी बघा. पुढचे तीन दिवस रोज सकाळी थंड इंजिनावर पातळी तपासा. मी चौथ्या दिवसाआधी घाटात जात नाही.

तरीही रस्त्यात काटा चढलाच तर एसी बंद, खिडक्या उघड्या, हीटर फुल. कडेला घ्या. वाफ दिसली तर इंजिन बंद. झाकणाला किमान अर्धा तास हात लावायचा नाही, आणि तापलेल्या इंजिनवर बाटलीभर थंड पाणी ओतणाऱ्या परोपकारी माणसाला अडवा, त्याने हेडला तडा जाऊ शकतो.

वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आल्यापासून मी पेट्रोलच्या रबरी नळ्याही वर्षातून एकदा बघतो. बंद गाडीपाशी पेट्रोलचा वास आला तर तेच पहिलं बघा.

पैसे घालणं कधी थांबवायचं? डिपस्टिकवर ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी ऑइलमध्ये शिरलंय. नुसत्या ऑइलच्या झाकणाखालची पांढरी साय पावसाळ्यात छोट्या फेऱ्यांनीही येते, त्यावर घाबरू नका. पहिल्यांदा गॅस्केट गेलं तर मी दुरुस्त केलं. दुसऱ्यांदा गेलं, किंवा जॅक लावायच्या जागी पत्रा बोटाने आत दबला, तर सोसायटीची चौथी सभा होवो न होवो, मी रिक्षाने जाईन.