कडक भाकरी टिकत नाही? या चुका टाळा

सोलापूर, मंगळवेढा, विजापूर या पट्ट्यातली ज्वारीची कडक भाकरी नीट जमली तर महिनाभर सहज टिकते. फ्रिज लागत नाही, प्रिझर्व्हेटिव्ह लागत नाही. घरी केलेली मात्र अनेकांची चार दिवसांत वातड होते, नाहीतर बुरसते. बहुतेक वेळा कारण एकच असतं: आत पाणी राहिलेलं असतं.

आधी पीठ बघा. जुन्या पिठाला विरी, म्हणजे चिकटपणा, नसते. थापताना कडा चिरतात, म्हणून भाकरी जाड ठेवली जाते, आणि जाड भाकरी आतून कधीच पुरती सुकत नाही. ताजं दळलेलं पीठ उकळत्या पाण्यात भिजवून तळहाताने भरपूर मळा आणि होईल तितकी पातळ थापा. लाटली तरी चालेल. साठवणीसाठी बाजरी नको, तिचं पीठ लवकर कडू होतं. तेल-तूपही घालू नका, खवट वास येतो. दूध घातलंत तर ती दशमी झाली. दोन दिवसांच्या प्रवासाला उत्तम, डब्यात भरून ठेवायला नाही.

खरी गडबड होते ती आचेवर. रोजची भाकरी टम्म फुगायला हवी, हिला फुगू द्यायचं नाही. पाणी लावलेली बाजू सुकली की भाकरी उलटा, आच अगदी मंद करा आणि सुती फडक्याच्या घडीने दाबत, फिरवत, उलटत भाजत राहा. इथे घाई करू नका. कडा आधी कडक होतात आणि झाली असं वाटतं, पण मध्यभाग अजून मऊच असतो. काळपट डाग पडले म्हणजे ती सुकली असंही नाही. एक भाकरी मधोमध मोडा. काडकन तुटली तर उतरवा, वाकली तर सगळ्याच पुन्हा तव्यावर घ्या.

गरम भाकऱ्या एकावर एक रचल्या की वाफ धरते आणि सगळी मेहनत वाया जाते. त्या उभ्या टेकवून पूर्ण गार करा, मगच कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. पावसाळ्यात एका मोठ्या डब्याऐवजी दोन-तीन लहान डबे करा, म्हणजे सारखं झाकण उघडून सगळ्याच सर्दावत नाहीत.

नुसती मऊ पडलेली भाकरी मंद तव्यावर पुन्हा कडक होते. बुरशी दिसली तर मात्र खरवडून खाऊ नका. ती आणि तिला चिकटलेल्या टाकून द्या.