बर्फामुळे प्लेऑफ पुढे ढकलली तर नाशिकमध्ये बसून काय करायचं

प्लेऑफ म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या NFL लीगमधल्या बाद फेरीच्या मॅच. आधी एक गोष्ट डोक्यात फिट करून घ्या, ही मॅच थंडीमुळे पुढे ढकलत नाहीत, रस्त्यांमुळे ढकलतात. जानेवारी २०२४ चाच वीकेंड बघा ना. शनिवारी १३ तारखेला कॅन्सस सिटीत उणे २० डिग्रीत चीफ्स आणि डॉल्फिन्स या टीम खेळल्या, वाऱ्यामुळे ते उणे ३३ सारखं लागत होतं, तरी मॅच झाली. आणि रविवारची बफेलो बिल्स विरुद्ध पिट्सबर्ग स्टीलर्स, जिथे थंडी त्यापेक्षा बरीच कमी होती, ती मात्र सोमवारवर गेली.

म्हणून मोबाईलवर नुसता पारा बघत बसू नका. बफेलो हे न्यूयॉर्क राज्यातलं शहर एरी सरोवराच्या काठावर आहे, कोरडा गार वारा त्या मानाने कोमट पाण्यावरून येतो, वाफ उचलतो आणि काठावर आला की बर्फ ओततो, तोही अरुंद पट्ट्यात, म्हणजे एका भागात कंबरेएवढा आणि थोडं पुढे गेलं की नुसता भुरभुर. स्टेडियम आहे ऑर्चर्ड पार्कला, शहराच्या दक्षिणेला, आणि वर छत नाही. त्यामुळे अंदाज बघताना बफेलो नाही, ऑर्चर्ड पार्क टाकून बघा, जसं निफाडचा पारा बघायचा तर नाशिक शहराचा आकडा चालत नाही तसंच.

आणि मुख्य म्हणजे एरी काउंटीने, म्हणजे बफेलोच्या जिल्ह्याने, ट्रॅव्हल बॅन (गाडी रस्त्यावर आणायला बंदी) लावलाय का ते बघा. तारीख बदलायचा निर्णय लीगचा असतो पण राज्याच्या गव्हर्नर आणि काउंटीचं ऐकूनच घेतात, २०२४ ला गव्हर्नर कॅथी होकल यांनी आदल्या दिवशीच जाहीर करून टाकलं होतं. कारण पण तसंच आहे, २०२२ च्या ख्रिसमसच्या हिमवादळात त्या भागात ४० पेक्षा जास्त माणसं गेली, काही तर गाडीत अडकून. हजारो गाड्या एकाच वेळी त्या रस्त्यावर आल्या तर बर्फ काढणारी मशीन कुठून जाणार आणि अॅम्ब्युलन्स कुठून. मला तर तो निर्णय शंभर टक्के पटला, टीव्हीवाल्यांचं शेड्युल विस्कटलं तरी चालेल.

आता आपला अलार्म. तिकडच्या वेळा टीव्हीसाठी न्यूयॉर्कच्या घड्याळाने सांगतात, आणि जानेवारीत आपण साडेदहा तास पुढे. सोपं करायचं तर १२ तास मिळवा आणि दीड तास काढा. बिल्सची मॅच आधी रविवारी दुपारी १ ला होती म्हणजे आपली रविवारी रात्री ११:३०, ती झाली सोमवारी दुपारी ४:३० म्हणजे आपल्याकडे मंगळवार पहाटे ३. इथेच लोक फसतात, तिकडचा सोमवार बघून सोमवारचाच अलार्म लावतात. कॅलेंडरमध्ये टाकताना वार आपला टाका.

पुढे ढकलली म्हणजे दरवेळी दिवसच बदलतो असंही नाही. २०१७ ला कॅन्सस सिटीत रस्त्यावर बर्फाचा काचेसारखा थर जमायची भीती होती म्हणून स्टीलर्स-चीफ्स त्याच रविवारी फक्त दुपारवरून रात्रीवर नेली, आपल्याकडे ती सोमवारी सकाळी ६:५० ला पडली. म्हणून एकदा बदललेली वेळ बघून निवांत झोपू नका, झोपायच्या आधी एकदा आणि उठल्यावर एकदा लीगच्या अॅपवर चेक कराच.

मित्रांना घरी बोलावलं असेल तर लगेच ग्रुपवर नवीन वेळ वारासकट टाका, आणि खायचं ऑर्डर केलं असेल तर फोन करून थांबवा. त्या वर्षी तर १५ ला संक्रांत होती, येवल्यात दिवसभर पतंग उडवून आलेल्या माणसाला किंक्रांतीच्या पहाटे ३ ला उठवायचं म्हणजे रात्री ९ लाच झोपायला पाठवावं लागतं. पहाटे आवाज कमी ठेवा, खालच्या मजल्यावर आजी-आजोबा असतील. तिकडच्या सोमवारी रात्री ईगल्स-बुकॅनियर्स पण होती, आपल्या मंगळवारी सकाळी ६:४५ ला, म्हणजे लागोपाठ दोन मॅच, आणि दुसरी संपली की गाड्या काढून सरळ मिसळ खायला, तोवर सगळी ठिकाणं उघडलेली असतात.

तुमचा भाचा किंवा पुतणी तिकडे असेल आणि तिकीट काढलेलं असेल तर घाबरून विकू नका म्हणावं, त्या वेळी तीच तिकिटं नवीन तारखेला चालली, तुमच्या मॅचचं टीमच्या अॅपवर बघून घ्या. बॅन असेपर्यंत गाडी अजिबात काढायची नाही, हे दोनदा सांगा. क्लबने २० डॉलर तासाने फावडी मारायला माणसं बोलावली तरी सगळा बर्फ निघाला नव्हता, लोकांनी आपापली सीट हाताने उकरून काढली आणि बिल्सने टचडाऊन करून गुण मिळवले की तोच बर्फ हवेत उडवला, शेवटी जिंकले ३१-१७. तर त्याला सांगा, पुठ्ठ्याचा मोठा तुकडा सोबत ने आणि पायाखाली टाक, सिमेंटवर नुसते बूट ठेवून उभं राहिलं की गारवा तळव्यातूनच चढतो.