बेडशीट घेताना टीसी (थ्रेड काउंट, म्हणजे धाग्यांची संख्या) कसा बघायचा

आधी पलंग मोजा, मग कापड कॉटन आहे का बघा. 'ग्लेस कॉटन' म्हणून जे विकतात ते बहुतेक वेळा पॉलिस्टर असतं, त्यावरच्या टीसीच्या आकड्याला काही अर्थ नाही, ते सरळ बाजूला ठेवा.

टीसी म्हणजे एका चौरस इंचातले उभे धागे अधिक आडवे धागे. उभे १०० आणि आडवे ८० असतील तर १८०.

आता खरी गोम इथे आहे आणि इथेच मी फसले होते. एका दुकानात 'ताई हजार टीसी आहे, हॉटेलवाले हेच नेतात' असं ऐकून मी महागाचं बेडशीट घेतलं, तर ते इतकं जड की पावसाळ्यात दोन दोन दिवस वाळेना, रात्री अंगाखाली गरम लागायचं आणि थोड्याच दिवसांत त्यावर बारीक गोळे आले. शेवटी कडेची शिवण उसवून एक धागा ओढून काढला आणि नखाने त्याचा पीळ उलटा सोडवला, तर त्यातून केसासारखे चार पदर सुटले. म्हणजे धागे खरे २५०च, प्रत्येक पदर वेगळा मोजून हजार केलेले! हे चुकीचंच आहे. अमेरिकेच्या एएसटीएम डी ३७७५ या मोजणीच्या पद्धतीतसुद्धा धागा कितीही पदरी असो, तो एकच धरतात. एकपदरी सुताचे चौरस इंचात साधारण ४००-५०० च्या वर धागे बसवणं अवघड असतं, म्हणून ८००, १००० दिसलं की दुकानदाराला थेट विचारा, सूत एकपदरी आहे का? उत्तर नीट आलं नाही तर घेऊ नका, कितीही सूट असू दे.

शंका असेल तर उघड्या सॅम्पलवर पट्टी ठेवून मोबाईलने अगदी जवळून फोटो काढा, झूम करून एका सेंटीमीटरमधले उभे आणि आडवे धागे मोजा, बेरजेला २.५४ ने गुणा. ३९ आणि ३१ आले तर १७८, म्हणजे १८० चा माल बरोबर आहे. साध्या विणीत हे सहज जमतं, सॅटिनमध्ये एक धागा चारांवरून जातो म्हणून मोजायला जड जातं.

वीण: मुंबई-कोकणासारख्या घामट हवेत परकेलच घ्या, म्हणजे एक वर एक खाली अशी साधी वीण, २०० ते ३०० टीसी भरपूर झाला. सॅटिन मऊ आणि चकचकीत असतं पण लवकर ओढलं जातं, घरात मांजर असेल तर नकोच.

शेवटी कापडाचा कोपरा दोन्ही हातांत धरून जोरात चोळा. पांढरी पूड पडली तर ती खळ आहे, दोन धुण्यांत निघून जाईल आणि खाली विरविरीत कापड उरेल.