शास्त्रज्ञाचं चित्र काढायला सांगा, मग दापोलीला न्या

सहावी-सातवीच्या मुलांना कोरा कागद द्या आणि शास्त्रज्ञाचं चित्र काढायला सांगा. एकही उदाहरण देऊ नका. आमच्या शाळेत पिंजारलेले केस, जाड भिंगं, पांढरा कोट, धूर सोडणारी नळी हेच येतं, आणि बहुधा पुरुषच. डेव्हिड चेंबर्स यांनी १९८३ साली ४,८०७ लहान मुलांच्या चित्रांचा अभ्यास मांडला, त्यात फक्त २८ चित्रांत स्त्री होती. तीही मुलींनीच काढलेली. 'चुकलं' म्हणू नका. नाव-तारीख घालून कागद जपून ठेवा.

लगेच भिंतीवर थोरांच्या तसबिरी लावू नका. थोर माणूस मुलांना आणखी लांबचा वाटतो, असं माझं मत आहे. त्यापेक्षा जवळचा माणूस शोधा. आम्हाला दापोलीचं कृषी विद्यापीठ जवळ, म्हणून पत्र देऊन तिथे जातो. पत्रातच लिहिते, 'भाषण नको, काम दाखवा. एक मॅडम आणि एक सर दोघंही असावेत.' रत्ना आंबा नीलम आणि हापूसच्या संकरातून याच विद्यापीठाने काढला. असा संकर कसा करतात ते विचारा. मोहोरातल्या फुलाचे परागकोश चिमट्याने काढायचे, दुसऱ्या जातीचे पराग लावायचे, पिशवी बांधायची. फळ धरलंच तर कोय रुजवायची आणि ते झाड फळेपर्यंत वर्षानुवर्षं नोंदी ठेवत थांबायचं. धूर नाही, स्फोट नाही. मुलं इथे खरोखर गप्प होऊन ऐकतात.

प्रश्न मुलांनीच विचारावेत. लहानपणी गणित जमायचं का? फसलेल्या प्रयोगाचं काय करता? डब्यात काय आणलंय? हा शेवटचा प्रश्न अडवू नका, त्यानेच माणूस मोकळा होतो.

जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींची गोष्ट यानंतर सांगा. १९३३ साली बंगळूरच्या विज्ञान संस्थेने बाई म्हणून प्रवेश नाकारला, तरी त्या हटल्या नाहीत. पुढे त्यांनी नीरेतल्या पोषणद्रव्यांवर काम केलं. माडावर चढणाऱ्यांच्या घरची मुलं वर्गात असतात, त्यांना हे आपलं वाटतं.

आंब्याला मोहोर आला की प्रत्येकाने एका फांदीला दोरा बांधून किती फळं टिकली ते दर आठवड्याला लिहावं.

वर्षअखेरीला पुन्हा चित्र. काही मुलं बाईंना आवडेल म्हणूनच स्त्री काढतात. म्हणून चित्राखाली दोन ओळी लिहून घ्या: ही व्यक्ती आत्ता काय करतेय, आणि तिला काय शोधायचंय?