जुनी इंजेक्शन गाडी पीयूसीत नापास झाल्यास दोष कसा शोधावा

पेट्रोलवरची जुनी फ्युएल इंजेक्शन गाडी पीयूसी चाचणीत नापास झाली, की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातील घातक वायू कमी करणारा, सायलेन्सरच्या नळीतील भाग) बदलण्याचा सल्ला लगेच मिळतो. हा भाग महाग असतो, आणि तो खरोखर निकामी झाला असला तरी त्याचे मूळ कारण पुष्कळदा इंजिनातच असते. म्हणून त्याच्याकडे सर्वांत शेवटी वळावे.

आधी गाडी पंधरा-वीस मिनिटे रस्त्यावर चालवून पुन्हा चाचणी करावी, कारण सुमारे २५० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय कन्व्हर्टर नीट काम करत नाही. बंद गॅरेजमध्ये इंजिन कधीही चालू ठेवू नये; धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

मग चाचणीच्या कागदावरचे कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन (न जळलेले पेट्रोल) हे दोन्ही आकडे एकत्र वाचावेत. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, बीएस-३ (भारत स्टेज हे प्रदूषणाचे सरकारी मानक) गाडीसाठी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.५ टक्के आणि हायड्रोकार्बनची ७५० पीपीएम आहे. बीएस-४ साठी त्या अनुक्रमे ०.३ टक्के आणि २०० पीपीएम आहेत. हायड्रोकार्बन एकटाच वाढला असेल, तर पेट्रोल न जळताच बाहेर पडत आहे, म्हणजे मिसफायर आहे. अशा वेळी प्लग, कॉइल, प्लगच्या वायरी आणि इनटेकच्या नळ्यांतील हवेची गळती तपासावी.

कार्बन मोनॉक्साइड वाढला असेल, तर हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जात आहे. एअर फिल्टर पाहून झाला, की स्कॅनर (गाडीच्या संगणकातील आकडे दाखवणारे उपकरण) लावून कूलंटचे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे, तापमान वाचावे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत ते बाहेरच्या हवेइतके आणि इंजिन तापल्यावर साधारण ८० ते ९५ अंश दिसले पाहिजे. हे तापमान मोजणारा सेन्सर खराब असेल किंवा थर्मोस्टॅट (कूलंटचा प्रवाह उघडबंद करणारी झडप) उघडा अडकला असेल, तर ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, इंजिनाला थंडच समजतो आणि जास्तीचे पेट्रोल देत राहतो. फ्युएल प्रेशर रेग्युलेटर (पेट्रोलचा दाब राखणारा भाग) इंजिनावर असेल, तर इंजिन बंद व थंड असताना त्याची व्हॅक्यूमची नळी काढून पाहावी. आत पेट्रोल आढळले, तर रेग्युलेटरच्या आतला पडदा फाटला आहे.

धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरचे वाचन मात्र घाईने करू नये. गरम इंजिनात साध्या झिर्कोनिया सेन्सरचा व्होल्टेज ०.१ ते ०.९ व्होल्ट यांदरम्यान सतत खालीवर होतो; वर म्हणजे पेट्रोल जास्त, खाली म्हणजे हवा जास्त. तो वरच अडकला असेल आणि कार्बन मोनॉक्साइडही जास्त असेल, तर सेन्सर बहुधा खरे सांगत असतो, आणि दोष पेट्रोलच्या बाजूला, उदाहरणार्थ गळक्या इंजेक्टरमध्ये, शोधावा लागतो. उलट धुरात कार्बन मोनॉक्साइड भरपूर असूनही व्होल्टेज खालीच राहत असेल, तर सेन्सर बिघडला आहे किंवा इंजिन आणि सेन्सर यांच्यामधल्या धुराच्या नळीच्या जोडातून बाहेरची हवा आत ओढली जात आहे. त्या हवेमुळे ईसीयूची फसगत होते आणि तो पेट्रोल आणखी वाढवतो. जोडाजवळ काजळीची रेघ आणि थंड इंजिन सुरू करताना टकटक आवाज, या गळतीच्या खुणा आहेत.

एवढे सगळे ठीक असूनही गरम गाडीचे आकडे उतरत नसतील, तरच नवा कन्व्हर्टर बसवावा. मिसफायर तसाच ठेवून तो बसवला, तर न जळलेले पेट्रोल त्यात पेटून आतली जाळी वितळते.